भट्टीतला कोल्हा

बुधवार, २ एप्रिल

निवृत्त होताना कामावरच्या लोकांनी दिलेली ही वही सहा महिने कोरी होती. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आज घडलं.

आमच्या हौशी रेडिओ क्लबाची बैठक होती. यंदा कोल्हा मी लपवायचा आहे. कोल्हा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा ट्रान्समीटर. दर पाच मिनिटांनी तो अर्धं मिनिट क्लबची खूण मोर्समध्ये वाजवतो आणि गप्प होतो. बाकीचे हातात अँटेना घेऊन, आवाज कुठून येतो ते हुंगत गावभर फिरतात. सकाळी दहा ते दुपारी एक. जो पहिला पोचतो तो पुढच्या वर्षी लपवतो. मागच्या वर्षी मी पहिला पोचलो. एरवी पहिला येणाऱ्या आमच्या चष्मेवाल्याचा पाय मुरगळला होता, हे मान्य आहे.

तीन तास कुणालाच सापडला नाही असं क्लबात अजून झालेलं नाही. मला ते करायचं आहे. नऊ वर्षांपूर्वी मी कोल्हा लपवला होता तो लिफ्टच्या मशीनच्या खोलीत, मीच देखभाल करत असलेल्या इमारतीत. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बाविसाव्या मिनिटाला जिना चढून आला. म्हणाला, "भाऊजी, तुम्ही आणखी कुठे जाणार होतात?" तेव्हापासून क्लबात माझं नाव बावीस.

घरी आलो तेव्हा बायको मशीनवर होती. ती शिवणकाम घरीच करते. पुढची खोली तिची, मधल्या खोलीत माझं रेडिओचं टेबल. मधलं दार आम्ही कधी लावत नाही.

"कुठे लपवणार?"

"ते सांगता येत नाही."

"मलाही?"

"घरातल्या माणसालाही नाही. नियम आहे."

तिने दाताने दोरा तोडला. "आणि शोधायला कोण येऊ शकतं?"

"अर्ज भरला की कुणीही. का?"

"विचारलं."

शनिवार, ५ एप्रिल

जेवताना बायको म्हणाली, "अहो, पण आवाज कुठून येतो ते कळतं कसं?" लग्नाच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मी ताट बाजूला सारून समजावलं. अँटेना समोर धरून सावकाश गोल फिरायचं. आवाज जिकडे सर्वांत मोठा, तिकडे नकाशावर रेघ मारायची. मग दुसऱ्या जागेवरून दुसरी, तिसऱ्या जागेवरून तिसरी. तिन्ही जिथे एकमेकींना छेदतात तिथे कोल्हा.

"आणि अगदी जवळ गेल्यावर?"

"तेव्हा आवाज सगळीकडून सारखाच मोठा येतो. मग रेडिओ पत्र्याच्या डब्यात ठेवायचा आणि झाकण किलकिलं करायचं. डब्याची फट जिकडे केल्यावर ऐकू येईल तिकडे जायचं."

"कसला डबा?"

"कसलाही. पत्र्याचा."

तिने मान हलवली आणि माझं ताट परत माझ्यापुढे सरकवलं. मन राखायला विचारत असावी. निवृत्त माणसाला बोलतं ठेवावं असं तिच्या मासिकात आलं होतं. ते पान मी पाहिलं आहे.

सोमवार, ७ एप्रिल

जागा सापडली.

गावाच्या टोकाला, नदीच्या अलीकडच्या काठावर, चुन्याची जुनी भट्टी आहे. माझ्या लहानपणापासून बंद. उलट्या ठेवलेल्या दगडी विहिरीसारखी. भिंती दोन हात जाड, वरचं तोंड लोखंडी झाकणाने बंद. खाली एकच दार, नदीकडे. वाकून आत शिरावं लागतं. आत दोन माणसं बसतील एवढी जागा.

नदीपलीकडे बरोबर समोर पत्र्याचं गोदाम आहे. लांब, सपाट, एकही खिडकी नाही. आत बसून ती भिंत पाहिली आणि हसू आलं. कोल्ह्याचा आवाज दारातून बाहेर पडेल, पत्र्यावर आपटेल आणि गावात परत येईल. गावातल्या प्रत्येकाची अँटेना गोदामाकडे बोट दाखवेल. सगळे पूल ओलांडून पलीकडे जातील आणि मी अलीकडे बसलेला असेन.

परत येताना पँट झटकली. चुना काही पूर्ण जात नाही.

गुरुवार, १० एप्रिल

माझी पोलादी टेप सापडत नाही. पाच मीटरची, तीस वर्षांची, प्रत्येक लिफ्टच्या दाराला लागलेली. मेहुणा मंगळवारी आला होता. त्याला काही मागून नेण्याची सवय नाही, म्हणजे मागण्याची.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, "माझ्याकडे कापडाच्या चार आहेत. हवी तर घ्या." कापडाची टेप ताणली की वाढते. हे मी तिला पूर्वीही सांगितलं आहे. तिने ते पूर्वीही ऐकून घेतलं आहे.

दुपारी तिचं मशीन अडखळत चाललं होतं. थोडं चाले, थांबे, पुन्हा चाले. मला तर त्यात क्लबची खूण ऐकू येऊ लागली, शेवटच्या दोन लहान आणि एक लांब आवाजासकट. डोक्यात कोल्हाच शिरला आहे. ती भाजी घ्यायला गेल्यावर मशीनला तेल घातलं.

आल्यावर म्हणाली, "कुणी सांगितलं होतं? आता या झग्याला डाग पडला."

लिफ्टच्या नोंदवहीत लिहायचो तसं लिहितो. दोष: नव्हता. उपाय: नको होता.

रविवार, १३ एप्रिल

बायको दुपारी मैत्रिणीकडे जाऊन आली. चार तास. कपड्यांना कुसळं चिकटली होती. मैत्रीण तिसऱ्या मजल्यावर राहते.

मंगळवार, १५ एप्रिल

बटणांच्या डब्यातली सगळी बटणं वाडग्यात काढून ठेवली आहेत. "डबा कुठे गेला?" विचारलं. "गंजला होता," म्हणाली. मागच्या आठवड्यात मीच तो पुसला होता. गंज नव्हता.

टेबलावर तिच्या मापांचा मोठा पिवळा कागद पसरलेला होता. त्यावर खडूच्या तीन लांब रेघा, तिन्ही एका ठिकाणी येऊन मिळणाऱ्या. कसला तरी झगा असावा. तीन चुण्या एकाच जागी. मी म्हटलं, "इथे कापड फुगेल."

तिने खडू खाली ठेवला. म्हणाली, "बघते."

शुक्रवार, १८ एप्रिल

भट्टीत कोल्हा चालू करून ठेवला आणि अँटेना घेऊन गावात फिरलो. बाजाराच्या चौकातून: गोदाम. शाळेच्या मागून: गोदाम. पाण्याच्या टाकीजवळून: गोदाम. गोदामाच्या भिंतीला हात लावून उभा राहिलो, तर आवाज चारही बाजूंनी मोठा. इथे चष्मेवाला वेडा होईल. त्याची लहानशी दाढी तो ओढेल.

फार दिवसांनी एखादं काम हातात घट्ट बसलं आहे. वरच्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट नीट जमिनीच्या पातळीला येऊन थांबावी, तसं.

बायकोने पँट धुवायला टाकायला लावली. या महिन्यातली चौथी.

रविवार, २० एप्रिल

दार किती वाकून ओलांडावं लागतं ते पुन्हा पाहायला भट्टीत गेलो होतो. आत बसलेला असताना पलीकडच्या काठावर बायको दिसली. बरोबर मेहुणा. बायकोच्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं, पडद्याच्या दांड्यासारखं. मेहुणा गावाकडे हात करून काही सांगत होता. ती मान हलवत होती. एकदा दोघं खूप हसली.

घरी आल्यावर विचारलं, "कुठे होतीस?"

"मैत्रिणीकडे."

मी भट्टीतून पाहिलं हे सांगता येत नव्हतं.

इथे लिहितो. सहा महिने मी घरी आहे. सकाळी तिच्या खोलीत पेपर वाचत बसतो. गिऱ्हाईक आलं की उठावं लागतं, तेव्हा उठतो, पण सावकाश. कात्र्या कशा टांगाव्यात ते सांगितलं. इस्त्रीची वायर बदलली. गेल्या महिन्यात एका बाईंना त्यांचा डावा खांदा उतरलेला आहे असं म्हणालो. खरं होतं. त्या बाई परत आलेल्या नाहीत.

पडदे नव्या खोलीला लागतात. ती कामासाठी दुसरी खोली बघते आहे आणि भाऊ मदत करतो आहे. दुसरा अर्थ निघत नाही. मला सांगायचं कसं, याचा दोघं विचार करत असतील.

मूळ दोष: मी.

मंगळवार, २२ एप्रिल

उपाय म्हणून दिवसभर बाहेर राहिलो. वाचनालयात बसलो, मग बस थांब्यावर. तिथे बसायला चांगलं आहे, पण कंडक्टर दर वेळी विचारतो. संध्याकाळी घरी आलो.

"कुठे होतात?"

"बाहेर."

"जेवायला पण नाही आलात."

"तुला काम असतं."

तिने वाढलं. मशीनवर गेली नाही. मी मधल्या खोलीत रेडिओ लावला आणि पहिल्यांदाच दार ओढून घेतलं, तिला खरखर ऐकू जाऊ नये म्हणून. थोड्या वेळाने तिने ते उघडलं आणि परत जाऊन बसली.

गुरुवार, २४ एप्रिल

मेहुण्याला दुकानाबाहेर गाठलं. म्हटलं, "तुझ्या ताईचं काय चाललंय?"

त्याचा चेहरा पडला. "काय चाललंय?"

"ते मी विचारतोय."

"भाऊजी, सत्तावीस तारीख होऊ द्या. मग बोलू. मला तिने शपथ घातली आहे."

म्हणजे खरंच आहे.

शनिवार, २६ एप्रिल

कोल्ह्याची बॅटरी भरली. दोन तारा पुन्हा जोडल्या. उद्या तीन तास लपून राहिलो की क्लबात माझं नाव बदलेल. परवा घरी काय ते ऐकून घेईन. या क्रमाने.

बायको डबा भरून देते म्हणाली. मग विचारलं, "सापडल्यावर काय करायचं असतं?"

"बोलायचं नाही. शोधणाऱ्यानेही नाही, लपलेल्यानेही नाही. वहीत नाव आणि वेळ लिहायची आणि एक वाजेपर्यंत तिथेच गप्प बसायचं. नाहीतर इतरांना जागा कळते."

"एक शब्दही नाही?"

"एकही नाही."

"तुम्हाला जमेल?"

रविवार, २७ एप्रिल, भट्टीत

१०.००. कोल्हा चालू. बाहेर ऊन, आत थंड.

१०.२५. बाविसाव्या मिनिटाला कुणी आलं नाही. डब्यातलं थोडं खाल्लं.

१०.५०. पुलावर चष्मेवाला आणि दातांच्या डॉक्टरीणबाई. दोघांच्या अँटेना पुढे. पूल ओलांडला.

११.१५. पलीकडे सातजण. मेहुणाही. गोदामाभोवती फेऱ्या चालू. चष्मेवाला पत्र्याला कान लावून उभा आहे. कान कशाला?

११.४०. गोदामाच्या रखवालदाराला त्यांनी आत बघू द्या म्हणून गळ घातली आहे. तो हात हलवून नाही म्हणतो आहे. डॉक्टरीणबाई त्याच्या तोंडात बघताहेत. आता तो त्यांना आत नेतो आहे.

१२.०५. बाहेर आले. काही नाही. काहीजण गोदामामागच्या मोकळ्या शेतात पसरले. तिथे तर झुडूपसुद्धा नाही. मेहुणा दगडावर बसून पाणी पितो आहे. चष्मेवाल्याने दाढी ओढली.

इतकं चांगलं लपल्यावर सांगायला शेजारी कुणीतरी हवं. तशी सोय नियमात नाही.

१२.३५. पावलं. अलीकडून. शेतकरी असेल.

रविवार, त्याच दिवशी, संध्याकाळी

शेतकरी नव्हता.

आधी दारात बटणांचा डबा आला. झाकण किलकिलं. तो डावीकडे वळला, उजवीकडे वळला, मग सरळ माझ्याकडे रोखला गेला. आतून आमच्या क्लबची खूण बारीक आवाजात येत होती. मग वाकून बायको आत आली.

दुसऱ्या हातात अँटेना. पाण्याच्या नळीच्या प्लॅस्टिकच्या दांड्यावर माझी पोलादी टेप, तुकडे करून, आडवी बसवलेली. कापलेल्या टोकांना शिवणकामाची पट्टी गुंडाळली होती, हाताला लागू नये म्हणून. आकडे अजून दिसत होते.

मी तोंड उघडलं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

वही मागितली. नाव पूर्ण लिहिलं. तिच्या अक्षरात तिचं नाव मी फार वर्षांत वाचलं नव्हतं. वेळ: १२.३८. मग माझ्या शेजारी बसली. जागा बरोबर दोघांपुरती होती. जेवणाच्या डब्यात काय उरलं आहे ते पाहिलं आणि अर्धं मला दिलं.

एक वाजायला किती मिनिटं आहेत ते मी मोजलं. बावीस.

एकतीस वर्षांत मी तिच्याशेजारी इतका वेळ न बोलता बसलेलो नाही. पलीकडे माणसं शेतात फिरत होती. पाच मिनिटं झाली की कोल्हा वाजे. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा तिचा पाय जमिनीवर त्याच्याबरोबर चालत होता. थोडं चाले, थांबे, पुन्हा चाले. शेवटी दोन लहान आणि एक लांब. मी तिच्या पायाकडे पाहत राहिलो. मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता.

एक वाजता बाहेर येऊन शिट्टी वाजवली. पलीकडून मेहुणा ओरडला, "भाऊजी! तिकडे काय करताय?" मग तिला पाहिलं आणि तिथेच नाचायला लागला.

सगळे पूल ओलांडून आले. चष्मेवाला घामाघूम. वही वाचली आणि म्हणाला, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण बावीसच्या घरातल्या माणसाला जागा ठाऊक असणारच."

मेहुणा तापला. "मी तिला तीन आठवडे शिकवलंय! रोज कोल्हा वेगळीकडे लपवून!"

"तू गप्प बस रे," बायको म्हणाली. तिने पिशवीतून पिवळा कागद काढून गवतावर पसरला. त्यावर खडूने नदी, पूल, चौक, टाकी. तीन रेघा. त्या गोदामात मिळत नव्हत्या. गोदाम ओलांडून मागच्या शेतात मिळत होत्या.

"तिथे आम्ही शोधून आलो," चष्मेवाला म्हणाला. "काही नाही तिथे."

"नसणारच. माझ्याकडे मोठा आरसा आहे. गिऱ्हाईक त्यात भिंतीच्या पलीकडे दिसतं. पण उभं असतं ते माझ्या बाजूला, तेवढंच लांब." तिने गोदामाच्या भिंतीवर कागदाची घडी घातली, नखाने दाबली. जाकिटाचे दोन भाग एकदम कापताना ती घालते तशी. रेघा मिळत होत्या तिथे टाचणी आरपार घातली. घडी उलगडली. दुसरं भोक अलीकडच्या काठावर होतं. भट्टीच्या दारात.

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कागद उचलून उन्हात धरला. दोन्ही भोकांतून ऊन आलं.

"पुढच्या वर्षी वहिनी लपवणार," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुझं नाव आहे तेच राहू दे. सवय झाली आहे."

घरी येताना अँटेना मी धरली. म्हटलं, "हे मला पडद्याचा दांडा वाटलं होतं. तू दुसरी खोली बघतेयस असं वाटलं."

"कशाला?"

"कामाला. मी मध्ये मध्ये येतो म्हणून."

ती रस्त्यात थांबली. "म्हणून तुम्ही बस थांब्यावर बसला होतात? कंडक्टरच्या बायकोने सांगितलं मला." मग चालू लागली. "खोली बघितली असती. मशीनला पुन्हा तेल घाला, मग बघतेच."

चार घरं पुढे गेल्यावर म्हणाली, "एकतीस वर्षं मधल्या दारातून ऐकतेय ती टिटटिट. कधी विचारलंत, तुला येतं का म्हणून?"

विचारलं नव्हतं. तसं सांगितलं.

सोमवार, २८ एप्रिल

दोरीवर पँट वाळत होती. गुडघ्यांवर अजून पांढरं होतं. मी तिथेच उभा राहिलो. बायको बादली घेऊन आली.

"तुला आधीपासूनच माहीत होतं," मी म्हटलं.

"चुना गावात आणखी कुठे आहे?"

"मग अडीच तास का फिरलीस? पाच मिनिटांत आली असतीस."

"नियम आहे ना." तिने पँट उलटी करून पुन्हा टाकली. "आणि पाच मिनिटांत आले असते, तर तुम्ही कुठे लपला होतात?"

बादली रिकामी करून आत गेली. मी दोरीवरचे चिमटे सारखे केले. दिवस चांगला गेला. दुपारी तिच्या खोलीत पेपर वाचला. एक गिऱ्हाईक आलं. खांदे सरळ होते. मी लगेच उठलो.

रविवार, १ जून

बरेच दिवस लिहिलं नाही. तक्रार नव्हती.

बायको हल्ली दुपारी फिरायला जाते. एकटीच. कोल्ह्याला अजून दहा महिने आहेत. "कुठे जातेस?" विचारलं.

"घरातल्या माणसालाही नाही," म्हणाली.

आज ती अंघोळीला गेली असताना तिचे बूट पाहिले. वरून पाहिले, उलटे करून पाहिले. माती नाही, चुना नाही, कुसळ नाही. शिवणीतसुद्धा काही नाही.

ब्रशने घासलेले आहेत.